लेकीचा वाटा आणि एका मंत्र्याचा राजीनामा

पवनेच्या काठचे पिंपळे सौदागर ज्यांनी पंचवीस-तीस वर्षांपूर्वी पाहिले असेल, त्यांना आजचे पिंपळे सौदागर ओळखू येणार नाही. हिंजवडीला आयटी पार्क उभे राहिले आणि वाकड, रहाटणी, पिंपळे सौदागर या पट्ट्यातील शेतांच्या बांधांवरून रस्ते गेले. जिथे बैल चरत होते तिथे बहुमजली इमारती आल्या. एकरावर मोजली जाणारी जमीन गुंठ्यावर आणि पुढे चौरस फुटावर मोजली जाऊ लागली. जमिनीला असा भाव आला की सातबाऱ्यावरच्या नावांनाही भाव येतो. मग वर्षानुवर्षे सासरी नांदणाऱ्या बहिणींची आठवण निघते. रक्षाबंधनाला किंवा भाऊबीजेला ओवाळणी होते, जेवण होते आणि नंतर हळूच एक कागद पुढे येतो. तो कागद म्हणजे हक्कसोडपत्र.

या कागदाविषयी बरेच लिहिले गेले आहे. बहिणीने सही करावी की करू नये, हा ज्या त्या घरचा प्रश्न. पण त्या कागदाच्या मुळाशी असलेली एक साधी गोष्ट आपल्या सहसा लक्षात येत नाही. जिचा हक्कच नाही तिच्याकडे तो सोडण्याची सही कुणी मागत नाही. आपल्या पणजीकडे अशी सही कुणी मागितली नव्हती, कारण तिचे त्या जमिनीत काही नव्हतेच. आज बहिणीच्या सहीवाचून व्यवहार अडतो, कारण कायद्याच्या लेखी ती मालक आहे. हा बदल एका रात्रीत झाला नाही. त्यासाठी या देशाच्या पहिल्या कायदामंत्र्याने चार वर्षे झुंज दिली, ती झुंज तो हरला आणि त्याने मंत्रिपद सोडले. त्या मंत्र्याचे नाव डॉ. भीमराव रामजी आंबेडकर.

बाबासाहेबांना आपण राज्यघटनेचे शिल्पकार म्हणून ओळखतो, दलितांचे उद्धारक म्हणून ओळखतो. चौकाचौकांत त्यांचे पुतळे आहेत. परंतु भारतीय स्त्रीच्या कायदेशीर हक्कांसाठी त्यांनी काय पणाला लावले, हे शाळेच्या पुस्तकात दोन ओळींत आटोपते. त्यांच्या आयुष्याचा तो धागा सुरुवातीपासून शेवटपर्यंत उलगडून पाहण्यासारखा आहे.

सुभेदाराच्या घरातून कोलंबियात

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथील लष्करी छावणीत भीमरावांचा जन्म झाला. सुभेदार रामजी सकपाळ आणि भीमाबाई यांचे ते चौदावे अपत्य. मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातील आंबडवे. भीमराव लहान असतानाच आई गेली आणि आत्या मीराबाईंनी या मुलाला वाढवले. साताऱ्याच्या शाळेत वेगळे बसणे, तहान लागली तरी माठाला हात न लावणे हे अनुभव सर्वश्रुत आहेत. १९०७ साली ते मॅट्रिक झाले. त्याआधीच, १९०६ साली, त्यांचा विवाह रमाबाईंशी झाला होता. दोघेही त्या काळच्या रीतीप्रमाणे अगदी कोवळ्या वयाचे होते.

बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. तिथे ९ मे १९१६ रोजी मानववंशशास्त्राच्या एका चर्चासत्रात त्यांनी भारतातील जातिसंस्थेवर एक निबंध वाचला. वय अवघे पंचवीस. जात टिकते ती जातीतच लग्न करण्याच्या बंधनामुळे, आणि हे बंधन टिकवायचे तर स्त्रीवर ताबा ठेवावा लागतो, असे सूत्र त्यांनी त्यात मांडले. नवरा मेला की बायको समाजात उरते. ती जातीबाहेर लग्न करील या भीतीपोटी तिला जाळणे किंवा जन्मभर विधवा ठेवणे, आणि बायको मेलेल्या पुरुषासाठी बालवयातील मुलगी राखून ठेवणे, या रूढी त्यातून आल्या, अशी त्यांची मांडणी होती. सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह या तीन दुष्ट चाली वेगवेगळ्या नसून जातीच्या भिंतीचे ते तीन टेकू आहेत, हे त्यांनी तरुणपणीच ओळखले होते. पुढे संसदेत त्यांनी जे केले त्याचे बीज या निबंधात सापडते.

महाडची रात्र

लंडनहून डी.एस्सी. आणि बॅरिस्टर होऊन परतल्यावर बाबासाहेबांनी सार्वजनिक कार्याला वाहून घेतले. १९२४ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी त्यांनी हजारो सहकाऱ्यांसह प्राशन केले. त्याच वर्षी २५ डिसेंबरला महाडच्या दुसऱ्या परिषदेत मनुस्मृतीचे दहन झाले. अस्पृश्यांना माणुसकी नाकारणारा ग्रंथ म्हणून तिचे दहन झाले, हे आपण सांगतो. तोच ग्रंथ स्त्रीलाही स्वातंत्र्य नाकारतो, हे मात्र पुष्कळदा सांगायचे राहून जाते. आज अनेक संघटना २५ डिसेंबर हा दिवस भारतीय स्त्रीमुक्ती दिन म्हणून पाळतात, तो याच कारणाने.

त्या परिषदेच्या अखेरीस बाबासाहेब जमलेल्या स्त्रियांशी बोलले. मुलींना शाळेत घाला, नीटनेटक्या राहा, जातीची खूण सांगणारी लुगडे नेसण्याची पद्धत आणि तसले दागिने टाकून द्या, असा त्यांचा सांगावा होता. बायकांनी तो लगोलग मनावर घेतला आणि परिषदेतच लुगडी नव्या रीतीने नेसली. त्या स्त्रियांनी आपल्या वेषातून केलेला हा बंडाचा पुकारा होता. पुढे १९३० साली सुरू झालेल्या नाशिकच्या काळाराम मंदिर सत्याग्रहातही स्त्रियांनी भाग घेतला आणि अटकही सोसली.

गर्भारपणाचा खर्च कुणाचा?

या सार्वजनिक धामधुमीत घरी काय चालले होते? रमाबाई आणि बाबासाहेब यांना पाच अपत्ये झाली. त्यांतला यशवंत तेवढा जगला. गंगाधर, रमेश, इंदू आणि राजरत्न ही चार मुले बालपणीच गेली. लाडका राजरत्न १९२६ च्या जुलैत गेला, तेव्हा बाबासाहेब पार कोलमडून गेले होते. गरिबीत, अपुऱ्या अन्नावर, एकामागून एक बाळंतपणे सोसणाऱ्या आईचे काय होते, हे त्यांना कुठल्या अहवालात वाचण्याची गरज नव्हती.

राजरत्नाच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी, २८ जुलै १९२८ रोजी, मुंबई विधिमंडळात गिरणी आणि कारखान्यांतील स्त्रियांना बाळंतपणाच्या काळात भत्ता देण्याच्या विधेयकावर चर्चा झाली. गिरणीमालकांच्या बाजूने तक्रार अशी की हा खर्च आमच्यावर का? बाबासाहेब तेव्हा नियुक्त सदस्य होते. त्यांनी विधेयकाला पाठिंबा दिला. प्रसूतीपूर्वी आणि प्रसूतीनंतर आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, म्हणून त्याचा मोठा भार सरकारने उचलायला हवा. पण ज्या मालकाला स्त्रियांच्या श्रमातून फायदा होतो त्यालाही हात झटकता येणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते. १९२९ साली मुंबई प्रांताचा तो कायदा झाला. पुढे १९६१ मध्ये देशासाठी मातृत्व लाभ कायदा आला आणि २०१७ च्या दुरुस्तीने पगारी रजा २६ आठवड्यांची झाली. चाकणच्या कारखान्यात किंवा हिंजवडीच्या कंपनीत बाळंतपणाच्या रजेचा अर्ज भरणाऱ्या मुलीच्या मागे ही जवळजवळ शंभर वर्षांची वाट आहे.

याच १९२८ साली सायमन आयोगापुढे साक्ष देताना त्यांनी स्त्री-पुरुष सर्वांना प्रौढ मतदानाचा हक्क मागितला. मालमत्ता आणि शिक्षण पाहून मत देण्याचा तो काळ होता. संततिनियमन हा शब्द चारचौघांत उच्चारणे अशिष्ट समजले जात असताना र. धों. कर्वे यांच्यावर ‘समाजस्वास्थ्य’मधील लेखनासाठी अश्लीलतेचा खटला झाला. १९३४ साली त्यांची बाजू न्यायालयात मांडायला बॅरिस्टर आंबेडकर उभे राहिले. कर्वे तो खटला हरले. १९३८ साली बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षाने मुंबई विधानसभेत संततिनियमनाच्या प्रसाराचा ठराव आणला, तोही फेटाळला गेला. तोवर रमाबाई या जगात नव्हत्या. २७ मे १९३५ रोजी त्यांचे निधन झाले होते.

नागपूरच्या स्त्रिया आणि दिल्लीचे मजूरमंत्री

१९४२ च्या जुलैत नागपुरात दलित वर्गाची अखिल भारतीय परिषद भरली. तिला जोडून २० जुलैला सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली महिलांची परिषद झाली आणि तिला हजारोंच्या संख्येने स्त्रिया आल्या. त्या परिषदेने केलेले ठराव आज वाचले तरी थक्क व्हायला होते. स्त्रीला घटस्फोटाचा हक्क हवा, पुरुषाच्या अनेक लग्नांना बंदी हवी, गिरण्यांत आणि विडी कारखान्यांत राबणाऱ्या बायकांना भरपगारी रजा हवी, गिरण्यांत देखरेखीला स्त्रिया हव्यात, या मागण्या अक्षरओळखही नसलेल्या बहुसंख्य स्त्रियांनी हात वर करून मंजूर केल्या होत्या. मुलींच्या लग्नाची घाई करू नका, लग्नानंतर नवऱ्याची दासी न होता बरोबरीची मैत्रीण व्हा, असे बाबासाहेबांनी त्यांना सांगितले. हिंदू कोड बिलावर पुढे टीका झाली की ते शहरी शिकलेल्या मूठभर बायकांचे खूळ आहे. नागपूरचे ठराव त्या टीकेला आधीच उत्तर देऊन ठेवतात.

त्याच महिन्यात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य झाले. १९४६ पर्यंतच्या या काळात खाणींतील स्त्रियांच्या प्रसूती-लाभाच्या कायद्यातील दुरुस्ती त्यांनी मांडली. याच काळातला एक निर्णय मात्र वादाचा ठरला. १९३७ पासून स्त्रियांना कोळशाच्या खाणीत जमिनीखाली काम करण्यास बंदी होती. महायुद्धात कोळशाची टंचाई पडली आणि १९४३ मध्ये सरकारने ती बंदी उठवली. स्त्री संघटनांनी त्यावर टीका केली. मजूर सदस्य या नात्याने फेब्रुवारी १९४४ मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात त्या निर्णयाचे समर्थन करण्याची वेळ बाबासाहेबांवर आली. ही निकडीची तात्पुरती सोय आहे, आणि निदान या कामात तरी स्त्रीला पुरुषाइतकेच वेतन देण्याचे तत्त्व मान्य झाले आहे, असा त्यांचा बचाव होता. १९४६ च्या आरंभी बंदी पुन्हा लागू झाली. चरित्र लिहिताना असा प्रसंग गाळण्याचा मोह होतो. पण सत्तेत बसून सुधारणा करणाऱ्याला कोणत्या तडजोडी कराव्या लागतात, हे त्यातूनच कळते.

घटनेनंतरचे अपुरे काम

१५ ऑगस्ट १९४७ रोजी स्वतंत्र भारताचे पहिले कायदामंत्री म्हणून बाबासाहेबांनी सूत्रे घेतली. २९ ऑगस्टला घटनेची मसुदा समिती नेमली गेली आणि ते तिचे अध्यक्ष झाले. घटनेने कायद्यापुढे समानता दिली, लिंगावरून भेदभाव करण्यास मनाई केली, स्त्रियांसाठी विशेष तरतूद करण्याची मोकळीक सरकारला दिली आणि समान कामाला समान वेतन हे राज्याचे मार्गदर्शक तत्त्व ठरवले. प्रत्येक प्रौढ स्त्रीला पुरुषाबरोबर मताचा हक्क मिळाला. हे काम एकट्या बाबासाहेबांचे नव्हते. हंसा मेहता, राजकुमारी अमृत कौर, दुर्गाबाई देशमुख यांच्यासारख्या घटना समितीतील स्त्रियांचाही त्यात वाटा होता.

परंतु घटना दिल्लीत आणि संसार गावात, अशी स्थिती होती. मतदान केंद्रावर समान ठरलेली स्त्री घरी आली की कुणाचीच वारस नव्हती. देशाच्या मोठ्या भागात मिताक्षरा पद्धत चालत होती. तीत वडिलोपार्जित इस्टेटीत मुलाला जन्मतःच वाटा मिळे, मुलीला मिळत नसे. १९३७ च्या कायद्याने विधवेला नवऱ्याच्या मालमत्तेत वाटा मिळाला होता, पण तो हयातीपुरता. तिला तो विकता येत नसे, कुणाला देता येत नसे. नवऱ्याला दुसरी-तिसरी लग्ने करण्याची मुभा होती, बायकोला वाईट संसारातून सुटण्याची वाट नव्हती. मुंबई प्रांताने १९४६ साली द्विभार्याबंदीचा आणि १९४७ साली हिंदू घटस्फोटाचा कायदा केला होता. बाबासाहेबांचे आश्रयदाते सयाजीराव यांनी तर बडोद्यात १९३१ मध्येच घटस्फोटाचा कायदा आणला होता. उरलेल्या बहुतेक देशात अंधारच होता.

सर बेनेगल नरसिंह राव यांच्या समितीने १९४१ पासून हिंदू कायद्याची संहिता करण्याचे काम चालवले होते. तो मसुदा कायदामंत्री आंबेडकरांच्या हाती आला. ९ एप्रिल १९४८ रोजी विधेयक प्रवर समितीकडे सोपवण्याचा प्रस्ताव त्यांनी मांडला. सहा दिवसांनी, १५ एप्रिलला, त्यांनी डॉ. शारदा कबीर यांच्याशी दिल्लीत नोंदणी पद्धतीने विवाह केला. जातीबाहेरचे लग्न कायद्याने सरळ वैध ठरवणारे विधेयक मांडणारा मंत्री स्वतः तसे लग्न करीत होता.

प्रवर समितीने ऑगस्ट १९४८ मध्ये अहवाल दिला. त्यात मसुदा आणखी धीट झाला होता. राव समितीने मुलीला मुलाच्या निम्मा वाटा सुचवला होता, प्रवर समितीने तो मुलाइतकाच केला. जन्मसिद्ध वाट्याची मिताक्षरा पद्धत मोडीत काढायची, विधवेला मिळालेली मालमत्ता पूर्णपणे तिच्या मालकीची करायची, एकपत्नीत्व सक्तीचे करायचे, ठराविक कारणांसाठी पती-पत्नी दोघांनाही घटस्फोटाचा हक्क द्यायचा आणि दत्तकाला जातीची अट ठेवायची नाही, अशी ही रचना होती.

चार कलमे आणि निरोप

मग वादळ उठले. दिल्लीत मोर्चे आले, रामलीला मैदानावर सभा झाल्या. करपात्री महाराजांसारखे धर्माचार्य रस्त्यावर उतरले. डॉ. राजेंद्र प्रसाद यांचा विधेयकाला स्पष्ट विरोध होता. थेट निवडून न आलेल्या संसदेने इतका मूलगामी बदल करू नये, असे त्यांचे म्हणणे होते. हा बदल फक्त हिंदूंपुरताच का, असा सवाल काहींनी केला. मुलीला जमीन दिली तर ती जावयाच्या घरी जाईल, एकत्र कुटुंबे मोडतील, शेतीचे तुकडे होतील, भाऊ-बहीण कोर्टात उभे राहतील, असेही सांगितले गेले. हे शेवटचे युक्तिवाद पिंपळे सौदागरच्या किंवा वाकडच्या एखाद्या बैठकीत आजही जसेच्या तसे ऐकू येतील.

बाबासाहेबांनी विरोधकांना त्यांच्याच आखाड्यात गाठले. स्मृतिग्रंथांतील वचने काढून त्यांनी दाखवले की मुलीला वाटा देणे हे परक्या मुलुखातून आणलेले कलम नाही. भावाच्या वाट्याचा चौथा हिस्सा बहिणीला देण्याचे शास्त्र जुनेच आहे. घटस्फोटाविषयी तर त्यांचा मुद्दा बिनतोड होता. महाराष्ट्रातील बहुजन समाजात काडीमोड आणि पाट या रीती पिढ्यानपिढ्या चालत आल्या होत्या. हिंदूंतील बहुसंख्य जाती ज्या रीतीने जगतात ती वाईट आणि मूठभर वरच्या जातींची रीत तेवढी धर्माची, हे कुणी ठरवले, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. दुर्गाबाई देशमुख, रेणुका रे, हंसा मेहता यांनी विधेयकाच्या बाजूने किल्ला लढवला.

चर्चा लांबत गेली. १९४९ गेले, १९५० गेले. मधुमेहाने बाबासाहेबांची प्रकृती ढासळत होती. १९५१ च्या ऑगस्टमध्ये त्यांनी पंतप्रधान नेहरूंना पत्र लिहून विनंती केली की विधेयक लवकर घ्यावे, कारण डॉक्टर उपचारांसाठी घाई करीत आहेत आणि त्यांना त्याआधी हे काम संपवायचे आहे. सप्टेंबरात चर्चा सुरू झाली, पण संपूर्ण विधेयकाऐवजी विवाह आणि घटस्फोट एवढाच भाग घ्यावा असे ठरले. वारसाहक्क बाजूला पडला. तेवढ्यावरही भाषणांमागून भाषणे होत राहिली. चार कलमे कशीबशी संमत झाली आणि सरकारने विधेयक पुढे ढकलले. सार्वत्रिक निवडणूक तोंडावर होती. काँग्रेस पक्षातच दुफळी होती. नेहरूंचा विधेयकाला मनापासून पाठिंबा असला तरी पक्षाला आदेश देऊन ते मंजूर करून घेणे त्यांनी टाळले.

२७ सप्टेंबर १९५१ रोजी बाबासाहेबांनी राजीनामा दिला. ऑक्टोबरमध्ये संसदेत निवेदन करण्यावरून पीठासीन अधिकाऱ्यांशी मतभेद झाले आणि त्यांनी सभागृहाबाहेर पडून ते निवेदन वृत्तपत्रांना दिले. केवळ हिंदू कोड बिलासाठी त्यांनी मंत्रिपद सोडले, हे विधान पूर्ण खरे नाही. अनुसूचित जातींची उपेक्षा, परराष्ट्र धोरणाविषयीचे मतभेद, मंत्रिमंडळातील महत्त्वाच्या समित्यांतून वगळले जाणे ही कारणेही त्यांनी नोंदवली आहेत. पण शेवटची काडी हे विधेयकच होते. जातीजातींतील आणि स्त्री-पुरुषांतील विषमतेला हात न लावता नुसते आर्थिक कायदे करीत राहण्याने घटनेची थट्टा होते, असा त्या निवेदनाचा मथितार्थ होता.

काही महिन्यांनी झालेल्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत मुंबईतून बाबासाहेब पराभूत झाले. १९५२ मध्ये ते राज्यसभेवर गेले.

देहूरोड आणि अखेरचे दिवस

त्यांच्या उत्तरायुष्याचे काही धागे आपल्या परिसराशी जुळलेले आहेत. तळेगाव दाभाडे येथे त्यांचा बंगला होता. पिंपरी, आकुर्डी, निगडी मागे टाकली की लागणाऱ्या देहूरोडला २५ डिसेंबर १९५४ रोजी त्यांनी रंगूनहून आणलेल्या बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. महाडच्या दहनाला त्या दिवशी बरोबर सत्तावीस वर्षे झाली होती. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात त्यांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. त्या वेळी मैदानावर पांढऱ्या लुगड्यांतल्या स्त्रियांचा अथांग समुदाय होता. नागपूरलाच चौदा वर्षांपूर्वी स्त्रियांनी घटस्फोटाचा आणि रजेचा हक्क मागितला होता.

दरम्यान नेहरूंनी निवडणुकीनंतर हिंदू कोड बिलाचे तुकडे करून ते एकेक संमत करून घेतले. १९५५ च्या मे महिन्यात हिंदू विवाह कायदा आला. १९५६ च्या जूनमध्ये उत्तराधिकार कायदा, ऑगस्टमध्ये अज्ञानत्व व पालकत्व कायदा आला. चौथा, दत्तक व निर्वाहाचा कायदा २१ डिसेंबर १९५६ रोजी लागू झाला. तो पाहायला बाबासाहेब नव्हते. पंधराच दिवसांपूर्वी, ६ डिसेंबरला, दिल्लीत त्यांचे महापरिनिर्वाण झाले होते.

अपुरा वाटा पुरा होताना

१९५६ च्या उत्तराधिकार कायद्याने मुलीला वारस ठरवले आणि स्त्रीला तिच्या मालमत्तेची पूर्ण मालक केले, ही मोठीच मजल होती. पण बाबासाहेबांना जी पद्धत मोडायची होती ती मिताक्षरा पद्धत तशीच राहिली. वडिलोपार्जित एकत्र इस्टेटीत मुलगा जन्माने सहहिस्सेदार, मुलगी मात्र नाही, हे चालूच राहिले. राहत्या घरात भाऊ वाटणी मागत नाहीत तोवर बहिणीलाही ती मागता येत नव्हती.

या राहिलेल्या कामात महाराष्ट्राने थोडी आघाडी घेतली. २२ जून १९९४ पासून राज्याने मुलीला सहहिस्सेदार केले, पण त्याआधी लग्न झालेल्या मुलींना वगळून. केंद्राचा दुरुस्ती कायदा ९ सप्टेंबर २००५ रोजी लागू झाला आणि विवाहित-अविवाहित हा भेद मिटला. राहत्या घरासंबंधीची अडवणूकही त्याने दूर केली. वडील त्या तारखेला हयात असायला हवे होते की नाही, यावर पुढे पंधरा वर्षे कज्जे चालले. ११ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा खटल्यात निर्वाळा दिला की मुलीचा हक्क जन्माने आहे आणि त्यासाठी वडील हयात असण्याची अट नाही. प्रवर समितीने मुलीला मुलाइतका वाटा लिहिला त्याला तेव्हा बहात्तर वर्षे झाली होती.

कायदा पूर्ण झाला म्हणून घरातील प्रश्न सुटला असे नाही. माहेर तुटेल या भीतीने बहिणी सही करतात. हुंड्यात मिळालेच की, म्हणून करतात, किंवा भावाची खरीच ओढग्रस्त आहे म्हणून आपखुशीने करतात. आपखुशीने हक्क सोडण्यात गैर काहीच नाही. पण सोडायलाही आधी हक्क असावा लागतो आणि आपण काय सोडतो आहोत हे ठाऊक असावे लागते. बाबासाहेबांनी देऊ केले ते हे ठाऊक असणे आणि हो किंवा नाही म्हणण्याची मोकळीक. दरवर्षी १४ एप्रिलला आणि ६ डिसेंबरला आपण त्यांच्या पुतळ्याला हार घालतो. येत्या भाऊबीजेला ओवाळणीच्या ताटाशेजारी एखादा कागद ठेवला गेलाच, तर त्यावर सही करणारीने आणि सही मागणाऱ्यानेही या सहीमागचा इतिहास एकदा आठवावा.